टायमिंग बेल्ट सटकला: हेड उतरवायच्या आधी काय काय तपासायचं

चालती गाडी अचानक बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरतं, पण पकडत नाही. बीड, मांजरसुंबा, अंबाजोगाई या आमच्या पट्ट्यात ऊन तापायला लागलं की अशा गाड्या टोचन करून गॅरेजला येतात. येईपर्यंत मालकाला रस्त्यात कुणी सांगितलेलं असतं, "बेल्ट गेला म्हणजे इंजिन गेलं." कुणी नेमकं उलटं सांगतं, "नुसता बेल्ट टाका, चालू होईल." टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टन हलवणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा दातेरी पट्टा. तपासल्याशिवाय दोन्ही बोलू नये. पहिल्या सल्ल्यावर विनाकारण हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भाग, उतरतं. दुसऱ्यावर नवा बेल्ट वाकलेल्या व्हॉल्व्हवर बसतो आणि आठवड्यात सगळं काम परत काढावं लागतं. हेड न उघडता आत काय झालंय हे बरंचसं कळतं, फक्त क्रम पाळावा लागतो.

लक्षणं

बेल्ट तुटला किंवा क्रँककडचे दात सोलले गेले तर गाडी एका क्षणात बंद पडते. कधी "खट्ट" असा एकच आवाज येतो, कधी तोही नाही. त्यानंतर सेल्फ मारला की इंजिन एकसारखं गरगर फिरतं. एरवी सेल्फ मारताना कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे, जड-हलके टप्पे ऐकू येतात, ते गायब असतात. लय तुटक असेल, म्हणजे एक-दोन ठोके जड आणि मग एकदम मोकळं, तर काही सिलिंडरचं कॉम्प्रेशन शाबूत आहे आणि काहींचं गेलंय असं समजावं.

बेल्ट एखादाच दात सटकला असेल तर ओळखणं अवघड जातं. गाडी चालू होते, पण सकाळी उशिरा पकडते. आयडलला थरथरते, पिकअप देत नाही, मांजरसुंब्याच्या घाटात लोड घेत नाही. पेट्रोल गाडी सायलेन्सरमधून किंवा एअर फिल्टरच्या बाजूने फटाके मारते. जुन्या रोटरी पंपाच्या डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ इंडिका डिझेल, डिझेल पंपही याच बेल्टवर फिरतो. त्यामुळे पंपाचं टायमिंगही हलू शकतं, धूर वाढतो आणि इंजिन ठोकायला लागतं. अशा गाड्यांचे नोझल बदलले जातात, पंप खोलला जातो, डिझेल फिल्टर तर दोन-दोनदा बदलला जातो, आणि बेल्टचं कव्हर मात्र कुणी उघडलेलं नसतं. गाडी चालू होत असेल तर आधी स्कॅनर लावा. पी००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचा आहे. पी०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा आहे, तो तुटलेल्या किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमुळेही येतो. त्या एकट्या कोडवरून बेल्टला दोष देऊ नये.

सगळ्यात आधी चावी काढा

ही तपासणी नव्हे, पण नुकसान कमी-जास्त होणं हिच्यावरच ठरतं.

कॅम व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो, क्रँक पिस्टन वर-खाली करतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते आणि हा हिशोब बेल्ट सांभाळतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडपर्यंत जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. मेळ चुकला आणि त्या वेळी व्हॉल्व्ह उघडा असला की पिस्टन त्याला ठोकणारच. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टनपासून व्हॉल्व्हला पुरेशी जागा सोडलेली असते आणि तिथे बेल्ट तुटूनही काही होत नाही. पण आपलं इंजिन तसंच असेल असं गृहीत धरून सेल्फ मारू नये.

बेल्ट सटकला त्या क्षणी इंजिन कदाचित वाचलेलं असतं. नंतर सेल्फ मारमारून व्हॉल्व्ह वाकतात. धक्का मारून चालू करणं त्याहून वाईट, कारण चाकांच्या ताकदीपुढे व्हॉल्व्हची दांडी टिकत नाही. एकदा अंबाजोगाईकडच्या एका गुरुजींचा फोन आला. डस्टर डिझेल, घाटाखाली बंद पडलेली.

"उस्ताद, दोन पोरं आहेत इथं, धक्का मारू का? उतार पण आहे."

"गुरुजी, धक्का नको अन् सेल्फ पण नको. चावी काढून खिशात ठेवा, गाडी न्यूट्रल करा, मी टोचन पाठवतो."

"एकदाच मारून बघितला, लई हलका फिरला."

"एकदाच ना? मग बरंय. आता हात लावू नका."

त्या गाडीचं पुढे काय झालं ते कॉम्प्रेशनच्या भागात येतं.

विनाखर्चाची विचारपूस

पहिला प्रश्न, गाडीला बेल्ट आहे की चेन? स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे, इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लाही चेनच. जुनी २.५ इनोव्हा, डस्टर १.५ डिझेल, फिगो डिझेल, इंडिका डिझेल आणि जुनी सँट्रो यांना बेल्ट आहे. चेनच्या गाडीचं दुखणं वेगळं असतं, तिला पुढची बरीचशी माहिती जशीच्या तशी लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न, बेल्ट कधी टाकला? किलोमीटर आणि वर्षं, दोन्ही विचारा. रबर न चालताही म्हातारं होतं आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, त्यात बोनेटखालची उष्णता वेगळी. वर्षाला थोडीच फिरणारी, लग्नसराईला नि तुळजापूरला बाहेर निघणारी गाडी असेल तर किलोमीटरचा आकडा फसवतो. जुन्या इनोव्हाच्या मीटरमध्ये टायमिंग बेल्टचा दिवा असतो, पण तो किलोमीटर मोजतो, वर्षं नाही. शिवाय बेल्ट न बदलताही तो दिवा रीसेट करता येतो. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे: बंद पडली तेव्हा वेग किती होता आणि क्लच कधी दाबला? ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेऱ्या मारतो. बेल्ट गेल्यावरही गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनला फिरवत राहतात. सोलापूर-धुळे हायवेवर ऐंशीच्या वेगात बेल्ट गेला आणि गाडी गिअरमध्येच घरंगळत थांबली, तर व्हॉल्व्ह वाकले असं धरूनच पुढे जावं. आयडलला उभी असताना किंवा चालू करतानाच सटकला असेल तर वाचण्याची आशा बरी असते.

सोबत साध्या गोष्टीही बघून घ्या: टाकीत तेल आहे का, इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या चावीच्या कुलपाचा) दिवा लागून राहिलाय का, फ्यूज. एवढ्याने गाडी चालू झाली तर उत्तमच.

वरचं कव्हर

बॅटरीची निगेटिव्ह काढा. बहुतेक गाड्यांत बेल्टचं वरचं प्लास्टिक कव्हर १० नंबरच्या काही बोल्टांनी किंवा क्लिपांनी बसवलेलं असतं. ते काढून टॉर्च मारा.

बेल्ट तुटला असेल तर लगेच दिसेल. सैल असेल तर बोटाने दाबल्यावर कळतं. कडेला धागे निघालेत का, दातांच्या मुळाशी चिरा आहेत का, बेल्ट तेलाने ओला आहे का, कूलंटचे पांढरट-हिरवट डाग आहेत का, हे सगळं आताच बघून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बेल्ट उतरल्यावर हे पुरावे पुसले जातात आणि मग सटकण्याचं कारण सापडत नाही.

इथे एक फसगत होते. वरून बेल्ट अगदी ठणठणीत दिसतो, कारण दात सोलले गेलेत ते खाली, क्रँकच्या छोट्या पुलीपाशी. म्हणून नुसतं बघून कव्हर परत लावू नका. ड्रायव्हरच्या बाजूचं चाक काढून क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावा. ज्या बाजूला इंजिन फिरतं त्याच बाजूला अगदी थोडं फिरवा आणि वर बेल्टकडे दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. क्रँक फिरतोय आणि बेल्ट जागचा हलत नाही, म्हणजे दात गेले.

हाताने फिरवणं, आणि थांबण्याची पहिली जागा

पेट्रोल गाडी असेल तर सगळे स्पार्क प्लग काढून घ्या, म्हणजे कॉम्प्रेशनचा अडथळा राहत नाही आणि हाताला खरी अडचण जाणवते. मग क्रँक सावकाश फिरवा. हाताला "टक्क" असा घट्ट अडसर लागला तर जागीच थांबायचं. लांब दांडा लावून जोर करायचा नाही. तो अडसर म्हणजे बहुधा पिस्टन व्हॉल्व्हला टेकलाय. बाहेरचा, म्हणजे अल्टरनेटर-एसीचा बेल्ट काढून एकदा परत बघा, कारण कधी कधी जाम झालेला एसी कॉम्प्रेसरही असाच वाटतो. तरीही अडलं तर घरच्या घरी करण्यासारखं काम इथे संपलं. हेड उतरवणाऱ्या चांगल्या मिस्त्रीकडे गाडी द्या.

मोकळं फिरत असेल तर क्रँकची खूण टीडीसीवर, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेवर, आणा आणि कॅमच्या पुलीची खूण कुठे आहे ते बघा. किती दात फरक आहे ते मोजून लिहून ठेवा. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एका दाताने गाडी बहुधा चालते, पण अशक्त होते. तीन-चार दात गेले की बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह भेटायला लागतात. हा आकडा पुढच्या मिस्त्रीला सांगितला तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

बेल्ट पूर्ण तुटलेला असेल तर कॅम फिरवण्याआधी क्रँक टीडीसीपासून पाव फेरी मागे न्या. चार सिलिंडरच्या इंजिनात असं केल्यावर चारही पिस्टन मध्यावर येतात आणि कॅम फिरवला तरी व्हॉल्व्ह कशाला लागत नाहीत. कॅम खुणेवर आणा, मग क्रँक हळूच टीडीसीवर आणा आणि बेल्ट चढवा. चढवल्यावर हाताने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या मारून खुणा परत जुळतात का ते बघायचंच.

डस्टरच्या १.५ डिझेलसारख्या इंजिनांना क्रँक आणि कॅम जागेवर अडकवून ठेवायला लॉकिंग पिना लागतात. पिना नसतील तर व्हाइटनरच्या खुणांवर हे काम करू नका. ज्याच्याकडे पिना आहेत त्याच्याकडेच जा.

या टप्प्यावर बेल्ट, टेन्शनर वगैरेचं पूर्ण किट विकत घ्यायची घाई नको. तपासणीपुरता बेल्ट चढवा, पण त्यावर गाडी चालवायची नाही. आधी आतलं खरं समजू द्या.

टॅपेट गॅप: दहा मिनिटांची परीक्षा

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ही स्वस्तातली वस्तू आहे आणि या कामात तिची आठवण फार कमी जणांना होते. टॅपेट म्हणजे कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग. ज्या इंजिनांत टॅपेट हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) नसतात, तिथे टॅपेट कव्हर उघडून प्रत्येक व्हॉल्व्हचा गॅप मोजा. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि थोडा खालीच लटकून राहतो. त्यामुळे त्याच्या टॅपेटवर गॅप वाढलेला दिसतो. बाकी सगळे मॅन्युअलच्या मापात आणि दोन-तीन मात्र ढळढळीत जास्त, म्हणजे ते वाकलेले. कव्हर उघडलंच आहे तर रॉकर तुटलाय का, कॅमच्या कॅपला तडा गेलाय का तेही बघा. काही डिझेल इंजिनांत आधी रॉकर तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. अशा वेळी काम रॉकरवर निभावतं. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ही परीक्षा चालत नाही, सरळ कॉम्प्रेशनकडे जा.

कॉम्प्रेशन

ही तपासणी टायमिंग मिळवल्यानंतरच करायची. सटकलेल्या टायमिंगवर गेज लावलं तर चारही सिलिंडर कमी दाखवतात, कारण व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी बंद होतात. त्या आकड्यांवरून "सगळे व्हॉल्व्ह गेले" म्हणून हेड उतरवलेल्या गाड्या आमच्याकडे आलेल्या आहेत, आणि हेडमध्ये दोष नव्हता. सगळे सिलिंडर सारखेच कमी असतील तर आधी टायमिंगवर शंका घ्या. एक-दोनच कमी असतील तर व्हॉल्व्हवर.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. पेट्रोलमध्ये सगळे प्लग बाहेर, इंधन पंपाचा फ्यूज काढलेला, प्लगला ठिणगी देणारं इग्निशन सर्किट बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा कॉम्प्रेशन होईपर्यंत सेल्फ. सर्वसाधारण पेट्रोल गाडी १५० ते १९० पीएसआय दाखवते आणि डिझेल ३५० ते ४५० च्या आसपास. नक्की आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मोठ्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: १०-१५ टक्क्यांत असेल तर ठीक. वाकलेल्या व्हॉल्व्हचा सिलिंडर बहुतेकदा जवळपास शून्य दाखवतो.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि ते बेल्ट सटकण्याआधीचं जुनं दुखणं आहे. वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून आहे. कॉम्प्रेसर असेल तर तो पिस्टन टीडीसीवर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत, प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान लावा. सायलेन्सरमधून सूं सूं आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हवा भरताना गाडी गिअरमध्ये ठेवू नका आणि क्रँकला लावलेला पाना काढून घ्या. हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरतो आणि हात मोडू शकतो.

गुरुजींच्या डस्टरमध्ये बाकीचे तीन सिलिंडर बरोबरीत आले आणि तीन नंबरचा मेला होता. हवा भरल्यावर सायलेन्सरच्या तोंडाला तळहात लावला तर गार झुळूक स्पष्ट लागत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एवढं सांगूनच हेड उतरवलं, म्हणून गुरुजींना शंका राहिली नाही आणि भाव करायलाही सोपं गेलं.

डिझेलमध्ये घरी थांबायची जागा इथेच आहे. डिझेलसाठी गेज वेगळं लागतं, पेट्रोलचं लावलं तर ते फुटेल. आणि ते लावायला ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) काढावा लागतो. जुन्या गाडीत तो जाम असतो आणि जोर केला की हेडमध्येच तुटतो. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरला जास्त दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या, पाइपांना तर अजिबात हात लावू नका. इंजिन चालू असताना त्यात शेकडो बारचा दाब असतो, बारीक गळतीची धारही कातडीतून आत शिरते. अशी इजा बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जायची असते.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा असेल तर प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा बघून घ्या. अर्धचंद्रासारखी चकचकीत नवी खूण दिसली तर व्हॉल्व्ह तिथे आपटलाय. खूण नसणं मात्र शंभर टक्के खात्री नव्हे, काजळीच्या थराखाली ती लपते.

हेड उतरलं तर काय काय मागायचं

हे काम मिस्त्रीचं आणि हेड शॉपचं. पण मालकाने काही गोष्टी समोर उभं राहून बघाव्यात. हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल भरायचं. पोर्टमधून ते झिरपलं की तो व्हॉल्व्ह बसत नाही. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून परत टाकू देऊ नका. चालता चालता त्याचा माथा तुटला तर पिस्टन आणि हेड दोन्ही फोडतो. त्या व्हॉल्व्हची गाइड (ज्या नळीत व्हॉल्व्हची दांडी सरकते ती) तपासायला सांगा, तिला तडा गेलेला असू शकतो. पिस्टनवर उथळ खूण असेल तर चालतं, तडा किंवा खोल खड्डा असेल तर नाही. डायल गेज लावून चारही पिस्टनची टीडीसीवरची उंची मोजून घ्या. एखादा कमी भरला तर कनेक्टिंग रॉड वाकलाय, आणि मग काम खालपर्यंत जातं. डिझेलमध्ये हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीच्या येतात, कोणती घ्यायची ते याच मापावर ठरतं. हेडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत ताणले जाणारे असतात, ते नवेच टाकायचे.

परत का सटकतो

नवा बेल्ट वर्षाच्या आत पुन्हा सटकला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बेल्ट क्वचितच दोषी असतो. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) जुनेच ठेवलेले असतात, किंवा कॅम-क्रँकची ऑइल सील गळत असते आणि तेलाने रबर फुगलेलं असतं. आमच्या भागात तिसरं कारण फार मोठं आहे: रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी. डस्टरसारख्या गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. क्षाराने पंपाची सील जाते, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं, पंप अडखळतो आणि बेल्टला दातावरून उडवतो. टंचाईच्या दिवसांत घरी प्यायला पाणी नसतं तिथे रेडिएटरला कोण चांगलं पाणी देणार, हे मला समजतं. तरी कंपनीचा कूलंट नाही तर डिस्टिल्ड वॉटर, एवढा खर्च कराच. आणि बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर, पंप आणि गळकी सील हे सगळं एकाच वेळी बदला, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी तीच असते.

चढावर गाडी गिअरमध्ये लावून हँडब्रेक न ओढण्याची सवयही सोडा. गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं आणि बेल्टची सैल बाजू टेन्शनरच्या विरुद्ध येते. टेन्शनर आधीच थकलेला असेल तर तेवढ्यानेही दात उडतो.

काम झाल्यावर बेल्ट टाकल्याची तारीख, किलोमीटर आणि कोणकोणते पार्ट नवे टाकले ते मार्करने वरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून घ्या. जुना बेल्ट आणि टेन्शनर पिशवीत घालून डिकीत ठेवायला मिस्त्रीला सांगा.